पंप बदलण्याआधी व्होल्टेज मोजा

पावसाळा सरत आला की किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटी पुन्हा पाण्यात उतरायला लागतात. मालवण-तारकर्लीपासून मांडव्यापर्यंत आणि खाली पणजीच्या मांडवी नदीतही, हौसेने बाळगलेल्या फायबरच्या बोटींवर या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते: बटण दाबलं तरी पंप चालत नाही. लगेच नवा पंप आणला जातो. तो बसवला की चालतो, आणि काही आठवड्यांनी तोही मान टाकतो. याचं कारण सरळ आहे. बहुतेक वेळा बिघाड पंपात नसतोच. तो पंपापर्यंत येणाऱ्या वायरीत, तिच्या जोडात, फ्यूजच्या घरात किंवा पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणाऱ्या फ्लोट स्विचमध्ये असतो. नवा पंप बसवताना जुना कळकलेला जोड कापून नवा केला जातो, म्हणून पंप चालतो. जोड पुन्हा कळकला की पंपही पुन्हा थांबतो.

हा लेख १२ व्होल्टवर चालणाऱ्या पंपांबद्दल आहे. लहान शिडाच्या बोटी, आउटबोर्ड इंजिनाच्या सहलीच्या बोटी यांवर हेच पंप असतात. त्यातही भर बिल्ज पंपावर, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपावर. नळाला पाणी देणारा पंप बंद पडला तर गैरसोय होते. बिल्ज पंप बंद पडला तर बोट जाते. जलरेषेखाली ३० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचं एक भोक पडलं, किंवा तिथली नळी निसटली, तर मिनिटाला ४० लिटरच्या आसपास पाणी आत येतं. बादलीने उपसणारा माणूस तेवढा वेग फार वेळ टिकवू शकत नाही.

हात घालण्याआधी दोन गोष्टी. पेट्रोल इंजिनाची बोट असेल तर आधी तळाशी वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बिल्जमध्येच बसते, आणि बॅटरीचा लग सोडताना उडणारी एक ठिणगी तिला पुरते. वास आला तर सगळी झाकणं उघडा, वारा खेळू द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत एकाही स्विचला किंवा पान्याला हात लावू नका. दुसरी गोष्ट धक्क्यावरून २३० व्होल्टची वीज घेणाऱ्या मोठ्या बोटींसाठी: ती केबल आधी उपटून ठेवा. अमेरिकन पद्धतीच्या वायरिंगमध्ये १२ व्होल्टच्या बाजूला काळी वायर निगेटिव्ह असते आणि एसीच्या बाजूला तीच काळी वायर जिवंत असते. रंगावर विसंबून राहू नका. २३० व्होल्टचं काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडेच द्या.

अवजारं मोजकीच लागतात. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, आणि गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डरसकट, दोन वायरी आणि दोन चिमटे लावून. हा बल्ब कोणत्याही ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे मिळतो. मीटर असताना तो कशाला, असं वाटेल, पण त्याची गरज खरी आहे. डिजिटल मीटर जवळजवळ करंट ओढत नाही. त्यामुळे सगळी वायर कुजून एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर निवांत १२.५ व्होल्ट दाखवतो. आपण म्हणतो, वीज येते आहे, पंपच गेला. तिथे २१ वॅटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. तार धड असेल तर लख्ख पेटेल. कुजलेली असेल तर लालसर मिणमिणेल किंवा पेटणारच नाही.

बिघाड शोधण्याचं सगळं मर्म यातच आहे: लोड असताना मोजायचं. बंद पंपाच्या वायरीवरचं व्होल्टेज आपल्याला काहीच सांगत नाही.

सुरुवात बॅटरीपासून करा. काही तास विश्रांती मिळालेली पूर्ण चार्ज लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उरली. १२ च्या खाली म्हणजे ती संपल्यातच जमा धरा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. तसं न दिसल्यास चार्जिंगचा प्रश्न वेगळा आहे आणि तो आधी सोडवा. आता पंप चालू करा आणि पुन्हा मोजा. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, वर बसवलेल्या क्लॅम्पवर नाही. मग तीच क्लॅम्पवर टेकवा. दोन्हींत फरक दिसला तर बिघाड तिथेच आहे: खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये पांढरट थर जमला आहे. तो घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. तीन-चार अँपिअरच्या पंपाने खुंटीवरचंच व्होल्टेज ११ वर कोसळत असेल, तर बॅटरी रिकामी आहे किंवा तिचा एखादा सेल गेला आहे.

मग पंप चालू ठेवूनच पंपाजवळच्या जोडावर मोजा. वायरीच्या आवरणात सुई खुपसून मोजायची सवय इथे सोडून द्या. त्या भोकातून खारं पाणी आत शिरतं आणि वर्षभरात वायर आतून काळी पडते. जोड उघडून मोजा आणि नंतर तो नव्याने करा.

जोडावर बॅटरीइतकंच, फार तर तीन-चार दशांश व्होल्ट कमी, व्होल्टेज मिळालं तर वायरिंग निर्दोष आहे आणि आता पंपाकडे वळायला हरकत नाही. शून्य मिळालं तर वाट कुठेतरी तुटली आहे: फ्यूज, स्विच, निसटलेला लग. हे सापडायला सोपं असतं. चकवतं ते मधलं व्होल्टेज. बॅटरीवर १२.४ आणि पंपावर ९.५. पंप फिरतो आहे, आवाज येतो आहे, म्हणून मालक समाधानी असतो. पण या मोटरची गती साधारणपणे व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होते, आणि पाणी उचलण्याची उंची गतीच्या वर्गाच्या प्रमाणात. गती तीन चतुर्थांश झाली की उचलण्याची उंची निम्म्याच्या थोडीशीच वर उरते. पंप गरगरत राहतो आणि पाणी नळीत अर्ध्यावर चढून तिथेच थांबतं. गावच्या नळयोजनेत शेवटच्या घराला सकाळच्या वेळी जे पाणी मिळतं, तसंच या पंपाचं होतं: टाकी भरलेली, नळ उघडा, आणि धार करंगळीएवढी.

हे हरवलेले तीन व्होल्ट कुठे गेले ते नेमकं शोधता येतं. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि काळं टोक पंपाच्या पॉझिटिव्ह जोडावर. त्यासाठी लांब वायरीचा एक तुकडा लागेल. पंप चालू. आता मीटर दाखवेल तो सरळ त्या वाटेवरचा तोटा. मग काळं टोक एकेक टप्पा बॅटरीकडे आणत जा: फ्लोट स्विचच्या अलीकडे, पॅनेलवरच्या स्विचच्या अलीकडे, फ्यूजच्या अलीकडे. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उतरतो तो जोड, तो स्विच किंवा ते फ्यूजचं घर गुन्हेगार. हेच निगेटिव्हच्या बाजूलाही करा. निगेटिव्ह वाट बहुतेक जण तपासतच नाहीत आणि मी पाहिलेल्या कितीतरी बोटींवर तोटा तिथेच, सगळ्या काळ्या वायरी एकत्र येतात त्या पट्टीवर होता.

जोड सगळे चांगले असूनही तोटा राहिला तर वायरच बारीक आहे. पंप ८ अँपिअरचा, बॅटरीपासून ५ मीटरवर. जाऊन-येऊन १० मीटर तांबं. दीड एमएमच्या वायरीत एक व्होल्टहून थोडं जास्त जातं, अडीच एमएममध्ये साधारण ०.६५, चार एमएममध्ये ०.४. बोटींच्या विद्युत कामात महत्त्वाच्या उपकरणांसाठी ३ टक्क्यांची मर्यादा पाळतात; १२ व्होल्टच्या हिशेबात ती ०.३६ व्होल्ट होते. म्हणजे घरच्या दिव्यांसाठी आणलेल्या दीड एमएमच्या गुंडाळीतून उरलेली वायर इथे चालणार नाही. चार एमएमही या मर्यादेच्या किंचित बाहेरच राहते.

वायर घेताना कलई केलेल्या तांब्याची, बारीक तंतूंची घ्या. उघडं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं, पण खरा घात वायरीच्या आत होतो. तंतूंच्या फटींतून पाणी केशाकर्षणाने आवरणाखाली चढत जातं. टोकाला वायर सोलली आणि तांबं काळं दिसलं, तर थोडं मागे कापा, पुन्हा सोला. वीतभर मागे गेल्यावरही चकचकीत तांबं लागत नसेल तर ती पूर्ण वायर बदला. काळ्या तांब्यावर लग दाबून केलेला जोड टिकत नाही.

जोडाबद्दल माझं मत ठाम आहे. वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणं बोटीवर चालतच नाही, तात्पुरतंही नाही; कारण तात्पुरता जोड पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच राहतो. योग्य मापाचा कलई केलेला बट कनेक्टर, चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने दाबलेला, आणि त्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. ती गरम केल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाचा बारीक कडा बाहेर आला पाहिजे. तो आला म्हणजे जोड बंद झाला. नुसतं डाग देऊन जोड करू नका. डाग दिलेली वायर जिथे डाग संपतो तिथे कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने तिथेच तुटते. जोड बिल्जमध्ये पाणी साचतं त्या पातळीच्या बराच वर बांधा. पंपाला कारखान्यातूनच येणाऱ्या वायरी आखूड असतात, म्हणून जोड तळाशीच होतो आणि कायम पाण्यात बुडतो. लांब वायरीचा पंप मिळत असेल तर जास्त पैसे देऊन तोच घ्या.

फ्लोट स्विच हा दुसरा मोठा विषय. पॅनेलवरचं बटण ‘मॅन्युअल’ला ठेवल्यावर पंप चालतो आणि ‘ऑटो’ला ठेवून स्विचचा तरंगणारा भाग, म्हणजे तरंग, हाताने उचलल्यावर चालत नाही, तर दोष फ्लोट स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. त्याच्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना जोडा. पंप सुरू झाला तर स्विच गेला. त्याआधी तो अडकला तर नाही ना, ते पाहा. तरंगाखाली काथ्याचा तुकडा, बाटलीवरचं लेबल, तेलाचा चिकट थर, किंवा पंपाचीच वायर तरंगावर पडलेली, असं काहीही त्याला रोखू शकतं.

यापेक्षा गंभीर चूक वायरिंगची असते आणि ती धडधाकट दिसणाऱ्या बोटींवर सापडते. फ्लोट स्विचची वाट बॅटरीपासून थेट, फक्त एका फ्यूजमधून यायला हवी. मुख्य स्विचच्या पलीकडून नाही. मालक संध्याकाळी मुख्य स्विच बंद करून घरी जातो, कारण तसं करणं योग्यच आहे. पण त्याच्या बोटीवर फ्लोटची वायर मुख्य स्विचनंतर जोडलेली असेल तर त्याच क्षणी बिल्ज पंपही मुका होतो. बोट नांगरावर एकटी, रात्रभर पाऊस, आणि पंपाला वीज नाही. मुख्य स्विच बंद करून तरंग उचलून पाहा. पंप चालला पाहिजे. हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका. पंपाच्या लेबलवर किंवा पत्रकात जितक्या अँपिअरचा लिहिला असेल तितकाच. इंपेलर, म्हणजे पंपातला पाणी ढकलणारा पंखा, अडकला की मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. योग्य फ्यूज तेव्हा उडतो. फाजील मोठा फ्यूज उडत नाही, आणि वायर बारीक असेल तर तिचा रोध करंटला इतका आवरून धरतो की फ्यूजला पत्ताच लागत नाही. मोटर आणि वायर तापत राहतात. बोटीवरच्या आगी अशा लागतात. आधी पंपाची जाळी काढा, इंपेलर बोटाने फिरवून पाहा. मासेमारीच्या दोऱ्याचा वेढा, केस, प्लास्टिकची चिंधी, बहुतेक वेळा हेच निघतं. जाळी साफ असूनही फ्यूज उडतो तर पंप जोडापासून सोडवा. तरीही उडाला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे. नाही उडाला तर मोटरमध्ये दोष. फ्यूज शाबूत असूनही वीज नसेल तर त्याच्या घराचे दात पाहा. बॅटरीजवळचं फ्यूजघर ॲसिडच्या वाफेने लवकर खराब होतं. घासत बसू नका, नवं लावा.

जोडावर पूर्ण व्होल्टेज, जाळी मोकळी, आणि तरीही मोटर गप्प, गुणगुणही नाही: तेव्हाच पंप गेला म्हणा. पण पंप जोरात फिरतो आणि पाणी कमी फेकतो, तेव्हा आणखी दोन शक्यता पडताळा. एक, वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत. सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी ढकलतो, त्यामुळे चूक लपून राहते. दुसरी, नळीत कुठेतरी खाली लोंबणारा झोल आहे आणि त्यात पाणी साचून हवा अडकली आहे. नळी पंपापासून बाहेरच्या तोंडापर्यंत सतत चढती हवी. खोक्यावरचा आकडाही डोळे मिटून मानू नका: ११०० गॅलनचा पंप म्हणजे कागदावर तासाला ४१६० लिटर, पण बहुतेक उत्पादक हा आकडा १३.६ व्होल्टवर आणि पाणी अजिबात न उचलता देतात. बोटीवर त्याच्या निम्मं धरून चाला.

पावसाने बॅटरी उतरली, असं पुष्कळ जण सांगतात. हिशेब करून पाहू. दहा चौरस मीटरच्या उघड्या बोटीवर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, जो कोकणात पावसाळ्यात नवलाचा नाही, तर आत १००० लिटर पाणी येतं. वरच्या पंपाने ते अर्ध्या तासात बाहेर जातं आणि खर्च होतो जेमतेम दोन अँपिअर-तासांचा. एवढ्याने बॅटरी उतरत नाही. ती उतरते पंप विनाकारण चालू-बंद होत राहिल्याने. पंप थांबला की नळीतलं पाणी परत खाली येतं. २८ मिलिमीटर व्यासाच्या दोन मीटर नळीत सव्वा लिटर मावतं. अरुंद बिल्जमध्ये तेवढ्यानेच तरंग पुन्हा वर जातो आणि पंप पुन्हा सुरू होतो. दर पाच मिनिटांत एक मिनिट असं चाललं तर दिवसाला १७ अँपिअर-तास गेले. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले निम्मेच खुशाल वापरता येतात, म्हणजे अडीच दिवसांत खेळ आटोपला. फ्लोट स्विच पंपापेक्षा थोडा उंच बसवा, नळी आखूड करा. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकण्याचा मोह होतो. तो कचऱ्याने अडकतो आणि प्रवाह कमी करतो, म्हणून बिल्जच्या नळीत मी तो सुचवत नाही. नांगरावर आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या बोटीला लहान सौर पॅनेल आणि त्याचा कंट्रोलर हा खर्च वाजवी आहे.

बिल्जमधल्या पाण्यात पंपाची पॉझिटिव्ह वायर कुठे खरचटलेली असेल तर आणखी एक नुकसान होतं, तेही गुपचूप. करंट पाण्यातून धातूच्या फिटिंगमध्ये आणि तिथून समुद्रात जातो, आणि जलरेषेखालचा व्हॉल्व्ह किंवा प्रोपेलरचा दांडा आठवड्यांत पोखरला जातो. सगळं बंद करून, फ्लोटही खाली आहे याची खात्री करून, बॅटरीची पॉझिटिव्ह केबल सोडा आणि मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून खुंटी व केबल यांच्यामध्ये लावा. आकडा जवळजवळ शून्य हवा. रेडिओच्या मेमरीसारख्या गोष्टी काही मिलिअँपिअर घेतात. त्यापलीकडे गेलं तर एकेक वायर सोडून चोर शोधा. मीटर लावलेला असताना पंप किंवा इंजिन सुरू करू नका, मीटर जळेल.

नळाच्या पाण्याचा पंप दाबावर चालतो: नळ उघडला की दाब उतरतो, पंप सुरू, बंद केला की दाब चढतो, पंप बंद. तो थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे, ओढणाऱ्या बाजूला हवा शिरते आहे, किंवा पुन्हा तेच, व्होल्टेज कमी आहे. अशक्त मोटर बंद होण्याइतका दाब गाठूच शकत नाही आणि चालत राहून जळते. सगळे नळ बंद असताना मधूनच सुरू होत असेल तर कुठेतरी गळतंय.

दुरुस्ती झाल्यावर परीक्षा पाण्याने घ्या. मुख्य स्विच बंद, बिल्जमध्ये गोडं पाणी बादल्यांनी ओता, तरंग आपोआप उठू द्या, पंप आपोआप थांबू द्या. एक बादली किती सेकंदांत बाहेर जाते ते मोजा. बिल्जमध्ये तेल असेल तर आधी कापडाने टिपून घ्या, ते पंपाने खाडीत फेकू नका. मग एका कार्डावर तारीख, बॅटरीचं व्होल्टेज, पंप चालू असतानाचं जोडावरचं व्होल्टेज, ओढलेला करंट आणि बादलीचे सेकंद लिहा, आणि ते पॅनेलच्या दाराच्या आतून चिकटवा. शेजारी त्याच मापाचे चार फ्यूज, दोन बट कनेक्टर आणि हीटश्रिंकचा तुकडा पिशवीत बांधून ठेवा. आज जोडावर १२.१ असेल आणि दिवाळीच्या सुट्टीत ११.३ दिसलं, तर पंप अजून ठणठणीत चालत असतानाच जोड उघडायची वेळ झाली आहे.